मनाजोगा पडदा

सुनीती जेऊरकरचं काम सांगायला सोपं होतं. सोलापुरात होटगी रोडवरच्या चित्रघरात मुलांचा सिनेमा सुटला की बाहेरच्या दालनात उभं राहायचं आणि येणाऱ्या मुलांना विचारायचं, कसा वाटला? मूल सांगेल ते तसंच्या तसं लिहून घ्यायचं. आईबाप मध्येच बोलायला लागले तर त्यांना गोड बोलून बाजूला करायचं. चित्रघर चालवणारी कंपनीच मुलांची पुस्तकंही काढत असे. त्यामुळे महिन्यातून दोनदा शाळांमध्ये जाऊन पुस्तकांबद्दलही असंच विचारावं लागे.

मुलं मत द्यायला कंजुषी करत नाहीत, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. एक नऊ वर्षांची मुलगी तिला म्हणाली होती, "राक्षस बरा होता. हेच त्याच्या घरात शिरले आणि वर त्यालाच वाईट म्हणाले." एका मुलाचं म्हणणं होतं की सिनेमातले आजोबा सारखे शिकवत होते आणि रविवारी त्याला शिकायचं नव्हतं. दोन बहिणी, हरवलेला कुत्रा आपणहून परत आला की त्याला हाक मारली म्हणून आला, यावरून दालनात अशा भांडल्या की त्यांची बस चुकली. विजापूर वेशीजवळच्या शाळेतल्या एका पोरानं तर एका पुस्तकावर चार फुलस्केप कागद लिहून आणले होते. एकतिसाव्या पानावर पौर्णिमा आहे आणि दुसऱ्याच दिवशी चंद्रकोर कशी, हा त्यातला पहिला मुद्दा होता.

सुनीती हे सगळं घरी येऊन लेकीला सांगायची. ऋजुता तेव्हा सहा-सात वर्षांची. तिचे बाबा, मंदार, ती पाच वर्षांची असताना आजारपणात गेले होते. घरात दोघीच. जेवताना सुनीती मुलांचे आवाज काढून मतं सांगायची आणि ऋजुता घास हातात धरून म्हणायची, "पण कुत्रा हाक मारल्यामुळेच आला ना गं?" मग त्यावर दोघींचं भांडण. आमटी निवून जायची.

२०४१ सालच्या दिवाळीत चित्रघरात मनाजोगा पडदा आला.

पडद्याचं तत्त्व असं. नेहमीच्या पडद्यावरचा प्रत्येक ठिपका सगळ्या दिशांना एकच रंग पाठवतो, म्हणून सगळ्यांना एकच चित्र दिसतं. या पडद्यावरचा ठिपका म्हणजे मधमाशीच्या पोळ्यासारखी बसवलेली शेकडो सूक्ष्म भिंगं होती. एकेक भिंग एकेका दिशेला वेगळा रंग पाठवायचं. छतावरचे कॅमेरे कुणाचं डोकं कुठं आहे ते पाहत राहायचे आणि प्रत्येक डोक्याच्या दिशेला त्याचं स्वतःचं चित्र जायचं. आवाज कानामागच्या हाडातून आत जाई. त्यासाठी कपाळाला एक मऊ पट्टी बांधावी लागे. शेजारी शेजारी बसलेल्या दोन माणसांना एकाच पडद्यावर दोन वेगळे सिनेमे दिसायचे आणि एकाला दुसऱ्याच्या सिनेमातलं अक्षरही ऐकू जायचं नाही.

ती पट्टी दुसरंही काम करायची. नाडी, कातडीवरचा घाम, श्वास असं सगळं ती मोजायची. डोळ्यांतल्या बाहुल्या किती मोठ्या झाल्या हे कॅमेरा सांगायचा. त्या सगळ्याची मिळून एक रेषा बनत असे. तिला कंपनीत अस्वस्थता रेषा म्हणत. लेखक एक मूळ गोष्ट लिहून देत आणि तिला जागोजागी फाटे ठेवत. मुलाची रेषा ठरावीक उंचीच्या वर जाऊन तिथंच राहिली की यंत्र गोष्टीला दुसऱ्या फाट्यावर वळवायचं आणि पुढचं चित्र तिथल्या तिथं तयार करायचं. कुत्रा हरवलेला सोसत नसेल, तर त्या मुलाच्या सिनेमात कुत्रा हरवतच नसे. यंत्र हे लक्षात ठेवायचं. पुढच्या सिनेमात आणि वाचायच्या पाटीवरच्या पुस्तकांतसुद्धा, कारण मुलाची नोंद एकच होती.

हे वाईट आहे असं सुनीतीला मुळीच वाटलं नव्हतं. नऊ वर्षं मुलांची मतं तिच्या हातून गेली होती. "मला ते बघवलं नाही" हे वाक्य तिनं किती वेळा लिहिलं होतं याला सुमार नव्हता. आता कुणीतरी ते ऐकलं होतं. ऋजुता तर मंदार गेल्यापासून कुठलाच सिनेमा पुरता बघत नसे. अर्ध्यात उठायची. पहिल्यांदा मनाजोग्या पडद्यासमोर ती शेवटपर्यंत बसली, हसत बाहेर आली आणि तिनं आईकडे आइस्क्रीम मागितलं. त्या दिवशी सुनीतीनं मनातल्या मनात त्या यंत्राचे आभार मानले होते.

दालन शांत व्हायला वर्षभर लागलं.

आधी उत्तरं लहान झाली. कसा वाटला? छान. काय आवडलं? सगळं. काय नाही आवडलं? मूल तिच्याकडे बघत राही, जणू काही तिनं परक्या भाषेत विचारलं आहे. न आवडण्यासारखं त्याच्यापर्यंत पोहोचलेलंच नसे. मग मुलांचं आपापसातलं बोलणं गेलं. एकदा दोन मैत्रिणी बाहेर येताना तिनं ऐकलं. एक म्हणाली, "तो म्हातारा नावाडी शेवटी गातो ना, तेव्हा..." दुसरी म्हणाली, "कोण नावाडी?" पहिली क्षणभर थांबली. "काही नाही," म्हणाली. दोघी बाहेर जाऊन आपापल्या गाडीची वाट बघत उभ्या राहिल्या. असं दोनचारदा झालं की मुलं बोलणं सोडून देतात. शाळांमध्येही तेच. एका पुस्तकाचं नाव घेतलं की चाळीस हात वर व्हायचे आणि त्यांत चाळीस पुस्तकं असायची. ज्याचं त्याचं मत ज्याच्या त्याच्यापाशी. दुसऱ्याशी ताडून बघायची सोय उरली नव्हती.

घरी जेवणाच्या वेळी सुनीतीकडे सांगण्यासारखं काही नसे. ऋजुता पाटी शेजारी ठेवून जेवायची.

"काय वाचतेस?"

"गोष्ट."

"कशी आहे?"

"छान आहे."

सुनीती तेच पुस्तक आपल्या पाटीवर उघडायची. पण यंत्र तिला ओळखायचं आणि तिच्या मनाजोगं पुस्तक तिच्यासमोर ठेवायचं. त्यात मध्यमवयीन बायका असत, जुनी गावं असत, आणि कुणी ना कुणी कुणाची तरी वाट बघत असे. लेकीच्या पुस्तकात काय आहे हे तिला त्यावरून काहीच कळत नसे.

ऋजुताच्या अकराव्या वाढदिवसाला दोघी सिनेमाला गेल्या. पाणबुडीत भरणाऱ्या शाळेची गोष्ट होती. सुनीतीच्या पडद्यावर पाणबुडीतली एक मुलगी होती आणि तिची आई पाणबुडीची मेकॅनिक होती. हात कायम ग्रीसनं काळे, कानामागं खोचलेला पाना. सुनीतीला ती बाई फार आवडली. एका प्रसंगात आई मुलीच्या वेणीला चुकून ग्रीस लावते आणि दोघी हसतात. सुनीतीही हसली आणि तिनं शेजारी पाहिलं. ऋजुताच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. थोड्या वेळानं ऋजुता खुदकन हसली, तेव्हा सुनीतीच्या पडद्यावर नुसता समुद्राचा तळ होता.

काय वाटलं कुणास ठाऊक, सुनीती वाकली आणि तिनं आपलं डोकं लेकीच्या डोक्याला टेकवलं. दोन डोकी इतकी जवळ आली की कॅमेऱ्याला ती वेगळी करता येत नाहीत हे तिला विनायककडून माहीत होतं. विनायक बुर्ला हा चित्रघराचा तंत्रज्ञ. चित्र थरथरलं, एकात एक मिसळलं, आणि तीन-चार सेकंद तिला ऋजुताचा सिनेमा दिसला.

वेणीच्या प्रसंगातलीच खोली होती, तोच पिवळा दिवा. मुलगी एकटीच बसून स्वतःची वेणी घालत होती आणि एका माशाला काहीतरी सांगत होती. आई जिथं बसली होती तिथं पाइपांची भिंत होती. खुर्चीसुद्धा नव्हती.

"आई, काय करतेस? मला दिसत नाहीये," ऋजुता म्हणाली. सुनीती सरळ बसली. तिच्या पडद्यावर आई परत आली होती आणि मुलीसाठी खिचडी ढवळत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे जेवायला गेले असताना, सुनीतीनं कार्यालयात ऋजुताची नोंद उघडली. कर्मचाऱ्यानं कुठल्याही एका मुलाची नोंद उघडायची नाही, असा सरळ नियम होता आणि तो तिला माहीत होता. तीन वर्षांच्या यादीत सिनेमे होते, पुस्तकं होती. प्रत्येकापुढं काय बदललं ते लिहिलेलं. पहिल्या चार महिन्यांत "आई, प्रसंग कमी केले" असं होतं. मग "आई, गावाला पाठवली". मग सरळ "आई, वगळली". ती खाली खाली जात राहिली. शेवटच्या दोन वर्षांत तेच. साठ-सत्तर गोष्टी असतील. एकीतही आई नव्हती. बाबा होते, आजोबा होते, मावशी होत्या.

 मग तिनं यंत्रखोलीत जाऊन विनायकला विचारलं. ऋजुताचं नाव घेतलं नाही.

"एखाद्या मुलाच्या गोष्टीतून यंत्रानं आईच काढून टाकली, तर त्याचा अर्थ काय?"

विनायक पडद्याचा एक चौकोन काढून पुसत होता. "अर्थ काय नसतोय ताई. आई आली की रेषा वर जायली एवढाच."

"म्हणजे त्या मुलाला आई नकोशी वाटते."

"ते कोण सांगतंय? पट्टी म्हणजे वजनकाटा समजा तुम्ही. पोत्याचं वजन सांगतंय. आत ज्वारी हाय का खडे हायत, काट्याला काय कळतंय?" त्यानं चौकोन दिव्यासमोर धरून पाहिला. "राग आला तरी नाडी वाढती, भ्या वाटलं तरी वाढती. लई माया आली तरीपण वाढती. किती ते कळतंय. का ते नाही कळत."

"मग 'का' कोण विचारतं?"

विनायक जरा हसला. "तुम्हीच होता की ताई विचारायला."

होता, असं तो म्हणाला ते तिच्या लक्षात आलं. मतनोंदणी बंद होणार अशी कुणकुण होतीच. अठ्ठ्याण्णव टक्के मुलं समाधानी असताना दारात माणूस उभं करण्याचं कारण नव्हतं. त्याच दिवशी तिनं वरिष्ठांना कळवलं की आपण आपल्या मुलीची नोंद उघडली होती. उत्तर दहा दिवसांनी आलं. एका ओळीत समज होती. दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं की मतनोंदणीचं पद या महिन्याअखेर संपत असून तिला चित्रांची वर्गवारी करण्याचं काम देता येईल, ते घरूनही होण्यासारखं आहे.

ऋजुताला तिनं रविवारी सकाळी सांगितलं. ऋजुता गॅलरीत बसून शाळेच्या बुटांना पॉलिश करत होती.

"तू माझी नोंद बघितलीस?"

"हो. बघायला नको होती."

"मग कशाला बघितलीस?"

"त्या दिवशी तुझ्या पडद्यावर आई नव्हती. मला वाटलं..." सुनीती तिच्याजवळ खाली बसली. "तुझ्या एकाही गोष्टीत आई नाहीये ऋजू. दोन वर्षं."

ऋजुताचा ब्रश थांबला. ती खरोखर आठवायचा प्रयत्न करत होती हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. "मला माहीतच नव्हतं," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "बाकीच्यांच्या गोष्टींत असते?"

"बऱ्याच जणांच्या असते."

"काय करते?"

 ऋजुतानं दुसरा बूट उचलला, त्याच्याकडे पाहिलं आणि तो परत खाली ठेवला.

"तू सगळ्या मुलांना विचारतेस," ती म्हणाली. "मला विचारायचंस ना. लपून कशाला बघितलंस?"

ती आत गेली. बुटाचा एक पाय चकचकीत आणि एक तसाच, गॅलरीत पडून राहिला. पुढचे आठ दिवस ऋजुता कामापुरतं बोलली. डबा, वही, स्वाक्षरी. सुनीती दालनात उभी राहून अनोळखी मुलांना कसा वाटला, कसा वाटला विचारत राही आणि छान, छान असं लिहून घेत राही. घरी आल्यावर मात्र तिच्या तोंडून तोच प्रश्न निघत नसे. उत्तर काय येईल याची तिला भीती वाटत होती.

नवव्या दिवशी जेवताना ऋजुतानं विचारलं, "त्या पाणबुडीत आई कशी होती?"

सुनीतीनं ग्रीस, पाना, खिचडी असं सगळं सांगितलं. "पण ती माझ्यापुरती. मुळात कशी असेल मला माहीत नाही."

"मुळात म्हणजे?"

"लेखकानं पहिल्यांदा लिहिलेली. मूळ प्रत सरकारदरबारी ठेवावीच लागते. कुणी मागितली तर दाखवावीही लागते. कुणी मागत नाही एवढंच."

ऋजुतानं भाकरीचा तुकडा शेंगाच्या चटणीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. "मला मूळ बघायचंय."

"त्यात तुला न सोसणारं काही असेल."

"असू दे."

विनायकला मूळ प्रत शोधायला अर्धा तास लागला. दोन वर्षांत कुठल्याच सिनेमाची मूळ प्रत कुणी मागितली नव्हती. "दोन खुर्च्या टाकल्यात मूळवर," तो म्हणाला. "पट्टी बांधा, पण ती नुसती आवाजापुरती. मोजणार बिजणार काय नाही." शनिवारची दुपार होती. भोवती पन्नास-साठ मुलं आपापल्या सिनेमात शिरली आणि या दोघी तीन वर्षांत पहिल्यांदा एकच सिनेमा बघायला बसल्या.

मूळ सिनेमातली आई सुनीतीच्या पडद्यावरच्या आईइतकी गोड नव्हती. दमलेली होती, मुलीवर खेकसत होती. वेणीला ग्रीस लागतं तो प्रसंग होता, पण तिथं मुलगी चिडते आणि कुणी हसत नाही. सुनीतीनं चोरून शेजारी पाहिलं. ऋजुतानं खुर्चीचा हात घट्ट धरला होता. मध्यंतरानंतर पाणबुडीला गळती लागते. मुलीला आवाज ऐकू येतो, ती धावत यंत्रघराशी जाते. आई दारात उभी. मागं पाणी. आई म्हणते, "काही झालेलं नाही. सगळं ठीक आहे. तू वर्गात जा." आणि ते गोल लोखंडी दार आतून लावून घेते.

ऋजुतानं पट्टी काढली, खुर्चीवर ठेवली आणि ती उठून बाहेर गेली.

सुनीतीला ती बाहेरच्या पायऱ्यांवर सापडली. एप्रिलचं ऊन होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ऋजुता सावलीच्या अगदी कडेला बसली होती. सुनीती दोन हात अंतर ठेवून बसली.

"नाही आवडला?"

"ती बाई नाही आवडली."

यापुढचा शब्द सुनीतीनं आयुष्यात हजारो वेळा विचारला होता. "का?"

 एक रिकामी रिक्षा समोरून गेली.

"खोटं बोलली ती. पाणी तिच्या पायापर्यंत आलं होतं. तिला दिसत होतं. तरी म्हणाली सगळं ठीक आहे." मग सुनीतीकडे न बघता म्हणाली, "तूपण म्हणायचीस. बाबा दवाखान्यात होते तेव्हा. रोज म्हणायचीस. मी रोज खरं मानायचे."

 तू लहान होतीस, असं म्हणता आलं असतं. मलाही तेव्हा खरंच तसं वाटत होतं, असंही म्हणता आलं असतं, आणि ते पूर्ण खरं नव्हतं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "शेवटचा महिनाभर मला माहीत होतं."

ऋजुतानं मान हलवली. तिला हे बातमीसारखं वाटलं नसावं. "गोष्टीतल्या सगळ्या आया तेच म्हणतात," ती म्हणाली. "आता आठवलं मला. त्या तसं म्हणायला लागल्या की माझ्या पोटात कसंतरी व्हायचं. मग नंतर व्हायचंच बंद झालं."

 आतून कुणाच्या हसण्याचा आवाज आला नाही. भिंती जाड होत्या.

"पुढं काय होतं?" ऋजुतानं विचारलं.

"माझ्या वेळी ती परत आली होती."

"तुझ्या वेळी येणारच." ती उठली, फ्रॉकची धूळ झटकली. "मी बघून येते. तू येऊ नकोस."

"एकटी?"

"तू असलीस की मला तुझ्याकडे बघावं लागतं."

ती आत गेली. सुनीती दालनात येऊन थांबली. ती उभी राहायची तिथं आता एक मोठी कुंडी आणून ठेवली होती. बसायला बाक नव्हता. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि आत काय चाललं असेल त्याचा अंदाज करत राहिली. या दारातून बाहेर पडणाऱ्या कितीतरी मुलांची तिनं वाट पाहिली होती. आपल्या मुलीची अशी वाट पाहण्याची तिची पहिलीच वेळ. पस्तीस मिनिटं लागली. ऋजुता बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण चेहरा धुतलेला होता.

"सांग ना."

"नाही," ऋजुता म्हणाली. "तू आधी बघ. मग बोलू."

घरापर्यंत ती चार पावलं पुढं चालत होती. सुनीतीनं तिला गाठायचा प्रयत्न केला नाही.

सिनेमा गुरुवारपर्यंत होता. बुधवारी दुपारी सुनीती एकटी जाऊन बसली. विनायकनं काही न विचारता तिची खुर्ची मूळ प्रतीवर टाकून दिली. मधल्या रांगेतली मुलं निरनिराळ्या वेळी हसत होती, कुणी टाळ्या वाजवत होतं, कुणी पाय आपटत होतं, आणि प्रत्येकाचं हसू त्याच्या त्याच्या खुर्चीपुरतं होतं. पडद्यावर दार बंद झालं. सुनीती या वेळी उठली नाही.

आई परत येत नाही. गळती थांबते, पाणबुडी वाचते, आणि दार बंदच राहतं. शेवटच्या प्रसंगात वर्ग भरतो. शिक्षक हजेरी घेतात. एकेक नाव. त्या मुलीचं नाव येतं तेव्हा शिक्षक किंचित थांबतात, मग घेतात. मुलगी उभी राहून म्हणते, हजर. पुढचं नाव येतं. संपलं.

सुनीती उन्हातून तरातरा चालत घरी आली. ऋजुता टेबलाशी नकाशा रंगवत होती.

"मला अजिबात आवडला नाही," सुनीती चपला काढता काढताच म्हणाली.

ऋजुतानं पेन्सिल खाली ठेवली. "का?"

"कुणीतरी त्या मुलीजवळ जाऊन बसायला हवं होतं. हजेरी काय घेत बसलेत."

"कुणी जवळ बसलं असतं तर ती रडली असती. तिला वर्गात रडायचं नव्हतं. म्हणून सर पुढचं नाव घेतात. ते चांगले आहेत."

"अगं, एवढीशी मुलगी. तिचं कुणीच नाही तिथं."

"ती हजर म्हणाली ना. तेवढंच तिला म्हणायचं होतं."

"तुला काय माहीत?"

"मला माहीत आहे," ऋजुता म्हणाली.

सुनीतीला आठवलं. मंदारला जाऊन चौथा दिवस होता. शेजारच्या काकू ऋजुताला बालवाडीत सोडून आल्या होत्या, कारण घर माणसांनी भरलं होतं. संध्याकाळी बाई म्हणाल्या होत्या, छान खेळली दिवसभर, काही त्रास नाही दिला. सुनीतीला तेव्हा हायसं वाटलं होतं. तिला वाटलं होतं, लहान आहे, तिला काही कळलेलं नाही.

"तू त्या दिवशी हजर म्हणाली होतीस?" तिनं विचारलं.

"जोरात म्हणाले होते."

खिडकीतून आलेलं ऊन टेबलावरच्या नकाशावर पडलं होतं. अर्धा महाराष्ट्र रंगवून झाला होता. सुनीतीनं खुर्ची ओढली आणि ती समोर बसली.

"मी तेव्हा येऊन तुझ्याजवळ बसायला हवं होतं का गं?"

 ऋजुतानं पेन्सिल उचलली, तिचं टोक पाहिलं. हो म्हणून आईला बरं वाटावं किंवा नाही म्हणून ते संपवून टाकावं, यातलं काहीच तिनं केलं नाही.

"थांब जरा," ती म्हणाली. "मला अजून ठरवता येत नाहीये."